आप्पांचा पाव सेकंद

आप्पा, तुमचा पाव सेकंद बरोबर निघाला. मागच्या रविवारी मोजला. एकदा मोजून माझा विश्वास बसला नाही म्हणून अकरा वेळा मोजला, आणि अकराही वेळा आकडा जिथे यायला हवा तिथेच, केसभर इकडेतिकडे, येऊन थांबला. तुमच्या वेळी हे मोजायला आपल्याकडे काही नव्हतं. आता काडेपेटीएवढी एक डबी मिळते. तिला उजेड ओळखणारा डोळा असतो. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडायचं, डबी शटरच्या पडद्यामागे धरायची, समोरून लेन्समधून दिव्याचा उजेड सोडायचा आणि बटण दाबायचं. शटर किती वेळ उघडं राहिलं ते मोबाइलवर उमटतं. सुरतेच्या एका माणसाला जुने कॅमेरे जमवायचा नाद आहे. त्याला तुमचा कॅमेरा हवा आहे, आणि 'ताई, सगळे स्पीड तपासून कळवा' असा त्याचा निरोप होता. द्यायचा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही, पण तपासायला एक निमित्त मिळालं.

माझ्या समजुतीप्रमाणे तो आकडा चुकीचा यायला हवा होता. मी वीस वर्षांची असताना तो तुमच्या हातून चुकीचा करवून घेतला होता. चूक माझ्या मोजण्यात होती हे मला काही आठवड्यांतच कळलं, आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आपला कान गेला असं समजूनच तुम्ही गेलात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. रविवारी ते सगळं उलटंपालटं झालं, म्हणून लिहायला बसले आहे. घरात आपण अहिराणीच बोलायचो, पण वही उघडली की मला शाळेतली मराठीच येते. तुम्हाला ते परक्यासारखं वाटेल. मलाही वाटतंय.

दुकान आठवतं ते आवाजासकट आठवतं. मिरची बाजाराकडे जाणारी गल्ली, पुढे फोटो काढायची खोली, मागे पडद्याआड अंधारी खोली, आणि दोन्हींच्या मध्ये खिडकीखाली तुमचं दुरुस्तीचं टेबल. नंदुरबारच्या, शहाद्याच्या, नवापूरच्या फोटोवाल्यांचे कॅमेरे त्या टेबलावर यायचे. तक्रार बहुतेक एकच असायची, स्पीड गेला, म्हणजे शटर ठरल्या वेळेला मिटत नाही. तुम्ही कॅमेरा उघडून साफ करायचात, सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल द्यायचात, आणि मग जे करायचात ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. डाव्या हातात तुमचा स्वतःचा कॅमेरा, उजव्या हातात गिऱ्हाइकाचा, दोन्ही दोन कानांशी. दोन्हींवर एकच स्पीड लावायचा, डोळे मिटायचे आणि दोन्ही बटणं एकदम दाबायची. आतली बारीक चक्रं चर्र करून फिरतात आणि टक् करून पडदा मिटतो. दोन्ही टक् मिळून एकच ऐकू आला तर गिऱ्हाइकाचा कॅमेरा बरोबर. नाहीतर, 'हाऊ जरासा मांगे ऱ्हाई जास,' असं पुटपुटत तुम्ही पुन्हा पेचकस उचलायचात. समोरच्या कापडदुकानातले शेठजी गादीवरून हटकून ओरडायचे, 'काय हो फोटोवाला, दोन दोन फोन लाईसन कोनसंगे बोली ऱ्हायनात?' आणि तुम्ही डोळे न उघडता उत्तर द्यायचात, 'तुमना सासरासंगे. जावई दिनभर काय करस, इचारी ऱ्हायना. काय सांगू?' मारवाडातून येऊन दोन पिढ्या झालेले शेठजी आपल्यापेक्षा झणझणीत अहिराणी बोलायचे. ते हसता हसता गादीवरून घसरायचेच बाकी राहायचे.

तुमचा तो कॅमेरा म्हणजे आपल्या भागाचं घड्याळ होतं. सुरतेत ज्या उस्तादांकडे तुम्ही हे काम शिकलात, त्यांनी तो स्वतः जुळवून तुम्हाला दिला होता. त्याचं चामडं दोन ठिकाणी उखडलेलं होतं आणि लेन्सच्या कडेला एक ओरखडा होता. त्यात रोल भरलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. तो ऐकण्यासाठी होता. इतक्या कॅमेऱ्यांचा वेळ त्याच्या एका वेळेवर बेतलेला, म्हणजे तो चुकला तर सगळेच चुकणार, हे माझ्या डोक्यात कधी आलं ते नक्की आठवत नाही. फिजिक्स घेऊन बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षी मला प्रत्येक गोष्टीत चूक किती टक्के आहे ते काढायचं वेड लागलं होतं.

अशात आमच्या कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे सर त्यांचा कॅमेरा घेऊन आले. ते मला शिकवत नव्हते, पण सगळं कॉलेज त्यांना मानत होतं. सुट्टी मिळाली की ते सातपुड्यात जाऊन झाडाफुलांचे फोटो काढायचे, तेही स्लाइडवर. स्लाइडच्या फिल्मवर सरळ रंगीत चित्रच येतं. साध्या रोलमध्ये उजेड कमीजास्त झाला तर तुम्ही फोटो कागदावर उतरवताना अंधाऱ्या खोलीत सावरून घ्यायचात. स्लाइडला तशी सवड नसते. उजेड थोडा जास्त पडला की जे पांढरं आहे ते कोरं होऊन जातं. आणि सर कॅमेरा स्टँडवर लावून, लेन्सचं तोंड बारीक करून, पाव सेकंद किंवा त्याच्या निम्मा वेळ शटर उघडं ठेवून फोटो घ्यायचे. नेमके तेच स्पीड अडकत होते. 'तोरणमाळच्या वाटेवर एका उतारावर एक पांढरं फूल येतं,' सरांनी सांगितलं. 'आठ-दहा दिवस राहतं. पुढच्या आठवड्यात मला तिथे पोचायचंय.' तुम्ही म्हणालात, 'वारा जरा पडू द्या, सर.' मिरचीचा मोसम होता. मोकळ्या पटांगणात वाळत घातलेल्या मिरचीवरून वारा सुटला की सगळी गल्ली शिंकायची, आणि ती लाल धूळ शटरमध्ये गेली तर निघत नाही, म्हणून त्या दिवसांत तुम्ही कॅमेरा फक्त पहाटे, दाराला ओली चादर लावून उघडायचात. सरांच्या कॅमेऱ्याला त्यामुळे तीन-चार दिवस थांबावं लागणार होतं. मी म्हटलं, 'तोवर मी तुमना कॅमेरा मोजी लेस, आप्पा.' सरांचं काम अगदी नीट व्हावं असं मला वाटत होतं. ते नीट झालं तर कुणामुळे झालं हे सरांना कळावं, असंही वाटत होतं.

मोजायची रीत मला कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडली होती. रेकॉर्ड प्लेअरची तबकडी मिनिटाला तेहेतीस फेरे आणि वर एक तृतीयांश फिरते. म्हणजे सेकंदाला दोनशे अंश. काळ्या रेकॉर्डवर मध्यापासून काठापर्यंत पांढऱ्या कागदाची एक पट्टी चिकटवायची, ती फिरत असताना वरून फोटो घ्यायचा. शटर पाव सेकंद उघडं राहिलं तर फोटोत ती पट्टी पन्नास अंशांच्या पंख्यासारखी पसरलेली दिसेल. कोनमापक लावला की झालं. आपल्याकडे लग्नांत वाजवायला घेतलेला जुना प्लेअर होता, विजेवरही चालणारा आणि सेलवरही. दुपारी वीज जायची, आणि वीज असली तरी दिवे कमीजास्त व्हायचे, म्हणून मी सेल घेतले. गच्चीवर आई रेडिओचे उतरलेले सेल उन्हात ठेवायची. आपल्याकडे सगळेच ठेवायचे. तापलेले सेल पुन्हा जोर धरतात. मी ते घातले, हातातलं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट फेरे मोजले. तेहेतीस आणि थोडं वर. अगदी पुस्तकात होतं तसं. वहीत लिहिलं. मग स्टँड उभा करणं, कॅमेरा सरळ खाली रोखणं, फोकस, यात पाऊण तास गेला. तबकडी मी मध्ये थांबवली नाही. एकदा मोजलेला वेग बंद-चालू करताना बदलायला नको, म्हणून मुद्दाम फिरतीच ठेवली. इतकी काळजी घेतली होती, आप्पा. तिथेच चुकले. उन्हाने आलेला सेलचा जोर तेवढ्या वेळात निघून गेला होता, आणि पुन्हा एकदा फेरे मोजून पाहावेत असं माझ्या मनात आलं नाही.

फोटोत पट्टी छत्तीस अंश पसरली होती. पन्नासच्या जागी छत्तीस. मी तो ओला फोटो आणि कोनमापक घेऊन तुमच्या टेबलापाशी आले आणि सांगितलं की तुमचं शटर लवकर मिटतं, पाव सेकंद उघडं राहतच नाही. तुम्ही कॅमेरा कानाशी धरला, दोनदा बटण दाबलं. 'मन्हा कानले तं बराबर वाटस.' यावर मी जे बोलले ते अहिराणीत बोलले नाही. मी म्हणाले, 'कानाला बरोबर वाटणं म्हणजे मोजणं नव्हे, आप्पा.' वर्गात परीक्षकांसमोर बोलावं तशी. आई आतल्या, घराकडच्या दारात भाकरीच्या पिठाचे हात घेऊन उभी होती. ती म्हणाली, 'बापले शिकाडी ऱ्हायनी का? ज्यानी तुले रोल भराले शिकाडं, त्यालेच?' तुम्ही हसलात. 'शिकाडू दे व. तेन्हासाठीच तं कॉलेजले धाडेल शे तिले.' मग माझ्याकडे वळून म्हणालात, 'तू मोजं ना? मंग बराबरच व्हई.'

दुसऱ्या दिवशी पहाटे दाराला ओली चादर लावून तुम्ही तुमचाच कॅमेरा उघडलात. उस्तादांनी दिल्यापासून तुम्ही त्याची ती चक्रं हलवली नव्हती, हे तुम्ही मला नंतर कधीतरी सांगितलंत. त्या पहाटे सांगितलं असतं तर? मी थांबले असते असं लिहायला हात जात नाही. दोन दिवस तुम्ही चक्रं जरा जरा सरकवत होतात आणि मी त्याच तापवलेल्या सेलवर, त्याच पद्धतीने, सुरुवातीला एकदाच फेरे मोजून, फोटो घेत होते. शेवटी पन्नास अंश आले. तुम्ही कॅमेरा कानाशी नेलात आणि चार-पाच वेळा बटण दाबलंत. 'लांबस जरासं,' तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, 'सवय व्हई जाई.' मग सरांचा कॅमेरा त्याच्याशी जुळवला गेला, आणि मधल्या दिवसांत आलेला शहाद्याच्या एका फोटोवाल्याचाही. सर कॅमेरा न्यायला आले तेव्हा मी कॉलेजात होते. तुम्ही त्यांना मोठ्या आनंदाने म्हणालात म्हणे, 'यावखत मोजीसन देल्हा शे, सर.' कुणी मोजला ते सांगितलं नव्हतंत. ते मी आल्यावर माझ्यासमोर सांगायचं, असं काही तुमच्या मनात होतं का, कुणास ठाऊक.

सर परत आले ते तीन आठवड्यांनी, धुऊन आलेल्या स्लाइडचा डबा घेऊन. मी आतून चहाचे कप घेऊन दारात आले होते. त्यांनी एक स्लाइड खिडकीसमोर धरली. 'हे काय आहे सांगा मला. फूल आहे की चुना?' तुम्ही चश्मा वर सरकवून पाहत होतात. 'पाकळीवरच्या शिरा दिसायला हव्यात. त्यासाठी दोन दिवस डोंगर चढलो मी. एकही रेघ नाही. दोन्ही रोल असेच. तिथल्या माणसांनी त्या उतारावर शेत करायचं ठरवलंय, पुढच्या वर्षी ते फूल तिथे असेल का? तुम्ही तर म्हणालात मोजून दिलाय.' तुम्ही 'हां सर' म्हणालात. 'मग?' मला आठवतं, त्या क्षणी गल्लीत कुणीतरी शिंकत होतं, एकामागून एक. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. 'मन्ही मोजवामा चूक व्हयनी, सर,' तुम्ही म्हणालात. मन्ही. माझी. पुन्हा करून देतो म्हणालात, पण सरांनी कॅमेरा पिशवीत घातला. मी पुढे होऊन कप ठेवले. सर मला ओळखत होते. जाताना आवाज खाली आणून, खरोखरीच काळजीने म्हणाले, 'वडिलांचे कान एकदा तपासून घे.' आणि मी म्हणाले, 'हो सर.'

त्याच दुपारी तुम्ही अंधाऱ्या खोलीत असताना मी प्लेअर काढला. गच्चीवरचे गरम सेल घातले आणि या वेळी रेकॉर्डवरची पट्टी खरवडून काढून सुई खाली टेकवली. गाणं नीट सुरू झालं. मी वाट पाहत बसले. हळूहळू गाणाऱ्या बाईचा आवाज जड झाला, मग ओढत चालल्यासारखा, आणि रेकॉर्ड दुसऱ्यांदा लावली तेव्हा तर ती बाई पार बाप्या झाली होती. मी ऐकत होते आणि मला सगळं कळत होतं. पुस्तकातल्या रीतीत सुई कुठे टेकवायचीच नव्हती. नुसती पट्टी फिरताना बघायची होती. ही तबकडी एकदा जरी वाजली असती तर तुम्ही टेबलावरून मान न उचलता सांगितलं असतंत की ती मागे राहतेय. पडदा सरकला आणि तुम्ही हात पुसत बाहेर आलात. थोडं ऐकलंत. 'सेल उतरनात वाटस,' तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, 'हां आप्पा.' 'च्या ठेव,' म्हणालात आणि पुन्हा आत गेलात.

मी का बोलले नाही? आधी इथे 'भीती वाटली' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुमची भीती मला कधीच वाटली नाही. तुम्ही साधं रागावूनसुद्धा बोलत नव्हता. सरांचा धाक होता, हे थोडं खरं आहे. पण मुख्य ते नव्हे. त्या वर्षी पहिल्यांदा घरात माझ्या शब्दाला वजन आलं होतं. तुम्ही माझ्या आकड्यासाठी उस्तादांचं काम उलगडलं होतंत. तो आकडाच पोकळ होता हे सांगितलं तर ते वजन जाईल, असं मला वाटलं असावं. 'असावं' लिहितेय, कारण पंचवीस वर्षांनी आपलं वीस वर्षांचं मन वाचताना मी पुन्हा एकदा कमकुवत सेलवर मोजतेय की काय, याची मला खात्री नाही.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे तुम्ही मला हाक मारलीत. टेबलावर दोन कॅमेरे होते, तुमचा आणि शहाद्याच्या त्या फोटोवाल्याचा. त्याला तुम्ही निरोप पाठवून कॅमेरा परत मागवला होता. मला वाटलं काही बारकं काम राहिलं असेल. 'ये, आयक बरं,' म्हणालात, आणि दोन्ही कॅमेरे माझ्या दोन कानांशी धरलेत. तुमच्या हाताला स्पिरिटचा वास होता. 'दोन्हीस्ना आवाज एकच येस का?' तुम्ही याआधी कधी मला हे विचारलं नव्हतं. मी कान बाजूला केला आणि म्हणाले, 'मला नाही कळत त्यातलं.' पुन्हा पुस्तकी मराठीत. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि कॅमेरे खाली ठेवलेत. त्यानंतर मी कधी मोजायचं नाव काढलं नाही आणि तुम्हीही नाही. दोन-तीन वर्षांत सगळ्यांकडे नवे कॅमेरे आले, ज्यांना कानाशी धरून काही ऐकू येत नाही, आणि टेबल रिकामं होत गेलं. ते नव्या कॅमेऱ्यांमुळे झालं की 'आप्पांचा कान गेला' या गावात पसरलेल्या बोलण्यामुळे, हे मी स्वतःशी कितीदा तोललं. पहिलंच कारण मोठं होतं हे मला कळतं. दुसरं थोडंही नव्हतं, असं मात्र मी म्हणू शकत नाही.

म्हणून रविवारी मी ती डबी शटरमागे धरली तेव्हा पाव सेकंदाच्या जागी मोठा आकडा येईल अशी मनाची तयारी केली होती. आला तो पाव सेकंद. मग निम्मा, मग त्याचा निम्मा, सगळे आपापल्या जागी. कॅमेरा आपोआप सुधारत नाही. इतक्या वर्षांत चक्रं सुस्तावतात, स्वतःहून नेमक्या जागी येऊन बसत नाहीत. तुमच्या कपाटात तो कोरड्या डब्यात, कापडात गुंडाळलेला होता म्हणून जसा ठेवला तसा राहिला. म्हणजे तुम्ही तो पुन्हा उघडला होतात. माझ्या पन्नास अंशांवरून तुमच्या कानावर परत आणला होतात. केव्हा, तेही मला आता कळतं. शहाद्याचा कॅमेरा परत मागवलात त्याच आठवड्यात. ती बाई बाप्याच्या आवाजात गात होती, तुम्ही पडद्यापाशी उभे होतात, आणि 'सेल उतरनात वाटस' या तीन शब्दांत तुम्हाला सगळं कळलं होतं, कदाचित माझ्याही आधी. तुमचा कान गेला नव्हता आणि तो गेलाय असं तुम्हाला एक दिवसही वाटलं नसेल. याने मला मोठा आधार वाटला, आप्पा. रविवारी संध्याकाळी मी खरंच रडले आणि नंतर पोटभर जेवले. मग रात्रीतून दुसरा विचार वर आला. त्या पहाटे दोन्ही कॅमेरे माझ्या कानाशी धरलेत, तेव्हा तुम्ही माझी वाट पाहत होतात. मला बोलायला सोपं जावं म्हणून सगळी तयारी करून ठेवली होतीत. आणि मी म्हणाले, मला नाही कळत त्यातलं.

बुधवारी संध्याकाळी मी सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली. गुडघे दुखतात, पण डोकं लख्ख आहे. मोबाइलमध्ये आकडे होते आणि काय बोलायचं ते मी घरून ठरवून गेले होते. तुमचा विषय त्यांनीच काढला. माझ्याकडे पाहिलं की त्यांना तुम्ही आठवता, आणि तुम्ही आठवलात की ते फूल. कपाटातून डबा काढून त्यांनी ती स्लाइड मला पुन्हा दाखवली, ट्यूबलाइटसमोर धरून. ते फूल त्यांना त्या उतारावर पुन्हा दिसलं नाही. 'माणूस सोन्यासारखा होता तुझा बाप,' ते म्हणाले, 'पण कान गेला होता, आणि कबूल करायला तयार नव्हता. त्यानंतर दोनदा घरी आले होते. कॅमेरा द्या, पुन्हा जुळवून देतो म्हणून.' मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, 'मग?' 'मी दिला नाही. तोंडावर सांगितलं, आता तुमच्या कानावर भरवसा नाही राहिला. दुसऱ्यांदा तर आतही घेतलं नाही, पायरीवरच बोललो. वाईट वाटतं आता.' 'काय म्हणाले ते?' 'बरं सर, म्हणाले आणि गेले.' सरांच्या पत्नी चिवडा घेऊन आल्या. मी चिवडा खाल्ला. मोबाइल पर्समध्येच राहिला. निघताना मी सरांना म्हणाले, 'गुडघ्याला तेल लावत जा, सर.'

तुम्ही एका शब्दाने सुटला असतात. 'पोरीने मोजला होता.' सर हसले असते, चिडले असते, आणि कॅमेरा तुमच्या हातात दिला असता. त्या पायरीवर तुम्ही तो शब्द दोनदा गिळलात, आणि तो बोलायचं काम आता माझ्याकडे आलेलं आहे. सरांना खोटंच खरं वाटत राहिलं तर नुकसान कुणाचं, असंही मी स्वतःला विचारून पाहिलं. तुम्ही नाही, दुकान नाही, फूल नाही. पण गावात एक माणूस अजून आहे जो तुमचं नाव काढताना 'पण' म्हणतो, आणि तो 'पण' माझा आहे.

हे पत्र मी फाडणार नाही आणि कुठे पाठवणार नाही. वहीतच राहील. लिहिताना एकदाही अडखळले नाही, याचं आधी मला बरं वाटलं, मग कारण लक्षात आलं. तुम्हाला हे सगळं माहीतच होतं. तुम्हाला सांगणं सोपं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांचं घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि संध्याकाळी सहा ते आठ ते व्हरांड्यातच बसलेले असतात. आता साडेसहा वाजलेत, आणि मी अजून लिहितेच आहे.